लाल ठिपक्याचा तवा

६ मार्च, बुधवार

टिल्लू,

आज पंधरा दिवसांनी छापखान्यात कामावर गेले. साडेआठ ते पाच. जॅमच्या बरण्यांची लेबलं तपासली. दोन रिळं परत पाठवली, वजनाचा आकडा पुसट आला होता. दुपारी डबा नव्हता, दोन केळी खाल्ली. येताना पाव आणला. घरी आल्यावर स्वयंपाकघर आवरायला घेतलं.

आई गेल्याचं मी तुला तीन ओळींत कळवलं आणि तू दोन ओळींत उत्तर दिलंस. ते बरोबरच होतं. बारा वर्षं बोलणं नसल्यावर आणखी काय लिहिणार? फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे, म्हणून पत्र. एक गोष्ट विचारायची आहे.

आई अंड्याच्या भांड्यांना नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची, आठवतं? एक छोटा तवा, एक उलथनं, एक वाडगा. तुझी आणि बाबांची अंडी त्यातच व्हायची आणि ती भांडी गॅलरीतल्या खोक्यात राहायची. माझ्या भांड्यांपाशी ती आली तर आई ओरडायची. मी तीन वर्षांची असताना आत्याकडे अंडं खाल्लं, तोंड सुजलं, दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून हे सुरू. तू जन्मायच्या आधीचं आहे, पण तुला पाठ असेल.

तर आज माझा तवा घासत होते. माझा म्हणजे ज्यावर आई रोज सकाळी माझा पाव भाजायची तो. दांड्याच्या खालच्या बाजूला बोटाला खरखरीत लागलं. उलटा करून पाहिला. तिथे सुरीने खरवडल्याच्या रेघा होत्या. कामावरचं भिंग पर्समध्येच होतं, ते लावून पाहिलं. खिळ्याच्या कडेला लाल रंग अजून आहे. मोहरीएवढाही नाही, पण लालच आहे.

गॅलरीतल्या खोक्यात उलथनं आणि वाडगा आहे. तवा नाही.

म्हणजे अंड्याचा तवाच माझा तवा झाला होता. कधीपासून? कोणी केला? आईने केला असेल तर मला का नाही सांगितलं?

आणि दुसरं. माझ्या पस्तिसाव्या वाढदिवशी तू केक केलास, त्यात दोन अंडी घातलीस, मला खायला दिलास आणि मग हसत सांगितलंस, "ताई, तुला काहीही होत नाही." इतक्या खात्रीने कशी म्हणालीस? तुला कोणी काही सांगितलं होतं का? आईनेच सांगितलं होतं का? पुढे माझा घसा आवळला, मला दवाखान्यात नेलं, आईने तुला घराबाहेर काढलं, ते सगळं तुला माहीत आहे. मला फक्त त्याच्या आधीचं विचारायचं आहे.

ताई


१७ मार्च, रविवार

टिल्लू,

तुझं उत्तर नाही. आलं नाही म्हणून मी काही ठरवून टाकत नाही.

आज सकाळी खालच्या शिवणबाई आल्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. तळमजल्यावर राहायला येऊन त्यांना नऊ वर्षं झाली. पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतात. आईचे दोन गाऊन त्यांच्याकडे दुरुस्तीला होते, ते परत द्यायला आल्या होत्या. मी चहा केला. तवा ओट्यावरच होता. तो बघून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी विचारलं, "काय झालं?"

"अगं, याच तव्यावर आम्हा दोघींचं ऑम्लेट व्हायचं. तुझा सुट्टीचा दिवस सोडून रोज अकराला. मशीन बंद करायचं आणि वर यायचं. तुझी आई म्हणायची, या, आमचं हॉटेल उघडलं."

"कुठे? इथे?"

"मग काय गच्चीवर? इथेच. या ओट्यावर. मिरी घालायची भरपूर. मी म्हणायचे, अहो, एवढी मिरी म्हणजे शिक्षाच आहे."

"मला अंडं चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ते मी विचारलं होतं एकदा. म्हटलं, तुमच्या लेकीला चालत नाही ना, मग त्याच तव्यावर तिचा पाव कसा भाजता? तर म्हणाल्या, तिचं तिला ठाऊक आहे."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत बाई! मी पडदे शिवते."

बाई खोटं बोलत असतील असं आधी वाटलं. बोलघेवड्या आहेत, गोष्ट फुगवून सांगतात. पण अंड्यांची टरफलं कुठे जात होती, असं विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं की पिशवीत भरून त्याच खाली न्यायच्या. आईने तसं बजावलं होतं. खोटं बोलणारा माणूस टरफलांपर्यंत जात नाही.

मी दिवसभर हाच विचार करते आहे. नऊ वर्षं आई रोज अकराला अंडं खात होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तव्यावर मला पाव देत होती. ती माझी परीक्षा घेत होती का? की मला काही होत नाही हे तिला आधीपासूनच माहीत होतं आणि मी घरात राहावं म्हणून तिने ठिपके चालू ठेवले? नव्या छापखान्यात बदली घ्यायची का, असं मला विचारलं होतं, ते तुला आठवत असेल. परक्या गावात, खानावळीत अंडं कशात असेल सांगता येत नाही, म्हणून मी नाही म्हटलं. तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं." ते बरं झालं कोणाचं, असं आता मनात येतं.

मेलेल्या माणसावर असा संशय घेऊ नये. पण मी लेबलं तपासणारी बाई आहे. छापलंय एक आणि आत आहे दुसरंच, असं दिसलं की मला झोप लागत नाही.

शिवणबाई जाताना म्हणाल्या, "एकदा खाऊन बघ की." मी दार लावून घेतलं.

ताई


३० मार्च, शनिवार

टिल्लू,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार पानं. मी ते तीनदा वाचलं.

तू लिहितेस, तुला कोणीही काही सांगितलं नव्हतं. मासिकात वाचलं होतं की लहानपणची अशी ॲलर्जी बऱ्याच जणांची मोठेपणी जाते. बदलीचं पत्र आलंय आणि ताई केवळ जेवणाच्या भीतीने जात नाही, हे तुला बघवत नव्हतं. म्हणून केक. मग तू लिहितेस, ते पाप होतं, बारा वर्षं रोज तुला माझा चेहरा दिसतो, मी गळा धरून खाली बसलेली. त्याबद्दल मी नंतर लिहीन.

तू लिहिलंस, "आधी डॉक्टरांकडे जा. एकटीने काही खाऊन बघू नकोस. माझी शपथ." म्हणून गुरुवारी रजा टाकून गेले.

डॉक्टर तरुण आहेत, भराभर बोलतात. त्यांनी विचारलं, "तीन वर्षांच्या असतानाचं सोडा. त्यानंतर कधी खाण्यात आलं होतं?"

मी म्हटलं, "एकदा केकमध्ये."

"मग काय झालं?"

मी म्हटलं, "आता नीट आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. आधी हातावर टोचून पाहिलं, त्यात काही उठलं नाही. मग नर्सने उकडलेलं अंडं आणलं, स्टीलच्या ताटलीत, बारीक कापून. पहिला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. तो खायचा, वीस मिनिटं थांबायचं, मग त्याहून मोठा. असं करत तीन तास.

नर्स म्हणाली, "किती वर्षांनी खाताय?"

"चव्वेचाळीस."

"अगं बाई! मग आज वाढदिवसच म्हणायचा!"

मी हसले नाही. ती म्हणाली, "तोंड असं नका करू हो. अंडं आहे, ऑपरेशन नाही."

चव सांगते. पांढरं म्हणजे काहीच नाही, ओलं रबर. पिवळं कोरडं, टाळूला चिकटतं. आणि वास. ओल्या भिंतीजवळ आगकाडी ओढल्यासारखा. चौथ्या तुकड्याला मला उलटी येईल असं वाटलं. नर्सने पाणी दिलं आणि म्हणाली, "हे अंगाला न चालणं नाही, हे मनाला न आवडणं आहे. मला पण भोपळा बघून असंच होतं." शेवटी अख्खं अंडं संपलं. काही झालं नाही. ओठ जसेच्या तसे. डॉक्टरांनी लिहून दिलं की सगळं चालेल. आठवड्यातून दोन-तीनदा खात राहा म्हणाले.

आल्यावर शिवणबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच बोलावलं. मी म्हटलं, आज नको, मला त्याचा वासही नको.

तू मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लेकीला घेऊन येतेस म्हणालीस. ये. तिला मी पाहिलेलंच नाही. नऊ वर्षांची झाली म्हणजे उंच असेल. पण तू पुढे जे लिहिलंस ते वाचून मला फार अवघडल्यासारखं झालं. तू तिला शिकवलं आहेस म्हणे, की मावशीकडे जायचं तर आदल्या दिवसापासून अंडं खायचं नाही आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. कधी भेट होईल याचा पत्ता नसताना तू तिला हे शिकवून ठेवलंस.

ताई


९ एप्रिल, मंगळवार

टिल्लू,

तू विचारतेस, आवडायला लागलं का? सांगते.

दुसऱ्यांदा शिवणबाईंकडे खाल्लं. त्यांनी अंडं मोडून कांद्याबरोबर परतून दिलं. मी दोन घास घेतले आणि बाकीचं पावाखाली लपवलं. त्यांनी पाव उचलून बघितला. "शाळेत आहेस का?" म्हणाल्या. तिसऱ्यांदा घरी, उकडून, मिरी घालून. आईएवढी मिरी घातली. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की खाता येईल. मग शुक्रवारी कँटीनमध्ये हाफ फ्राय घेतलं. आमचा मशीनवाला समोरच बसला होता. वीस वर्षं मला ओळखतो.

तो म्हणाला, "मॅडम, ताट चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही. माझंच आहे."

"सांभाळून हो. तुम्ही पडलात तर लेबलं कोण बघणार?"

पिवळं फुटलं आणि पावात शिरलं. कडेचं पांढरं कुरकुरीत होतं. ते मला आवडलं, टिल्लू. मी ताटली पुसून खाल्ली. मग हात धुवायला गेले.

आईच्या औषधपाण्याची फाईल काल उघडली. तपासण्या, चष्म्याचे नंबर, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. त्यात एक कागद तिचा नाही, माझा आहे. तो काय आहे हे आज लिहीत नाही. लिहायचं नाही असं नाही. आज जमत नाही, एवढंच.

आईवर मी जो संशय घेतला होता तो चुकीचा होता. एवढं आजच सांगते.

ताई


२१ एप्रिल, रविवार

टिल्लू,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं. यात खोडणार नाही.

तो कागद माझ्या पस्तिसाव्या वाढदिवसाचा आहे. त्या संध्याकाळी दवाखान्यात ज्यांनी मला तपासलं त्यांनी लिहिलेला. सगळा उतरवते. "ओठ, जीभ, घसा यांवर सूज नाही. अंगावर पुरळ नाही. श्वास व्यवस्थित. चार तास देखरेखीखाली ठेवले, काहीही आढळले नाही. रुग्ण घाबरलेली असावी. घरी पाठवत आहोत." खाली सही. कागद घेतला म्हणून आईचीही सही आहे.

रुग्ण घाबरलेली नव्हती. माझा घसा आवळला नव्हता. काहीही झालं नव्हतं, आणि होणार नाही हे मला माहीत होतं.

त्याच्याही चार वर्षं आधीची गोष्ट. आमच्याकडे एका बिस्किटाची लेबलं छापली जायची. कँटीनमध्ये तेच बिस्किट असायचं आणि मी रोज चार वाजता चहाबरोबर दोन खायचे, कारण लेबलावर अंडं नव्हतं आणि लेबल मीच तपासलेलं होतं. एक दिवस कारखान्याकडून मंजूर घटकांचा तक्ता पुन्हा आला. त्यात अंड्याची भुकटी होती. सहा महिन्यांपूर्वीच त्यांनी ती घालायला सुरुवात केली होती आणि आमच्याकडे छपाईची जुनीच प्लेट चालू होती. चूक मी पकडली. रिळं थांबवली, माल परत बोलावला. फोरमनने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, फळ्यावर माझं नाव लागलं. मी सहा महिने तेच खात होते, हे कोणाला सुचलं नाही. त्या दिवशी चार वाजता मी तेच बिस्किट पुन्हा घेतलं. मुद्दाम. कपाटामागे उभं राहून खाल्लं आणि तासभर आरशात तोंड बघत बसले.

घरी मी सांगितलं नाही. आधी वाटलं, आई घाबरेल. मग वाटलं, उद्या सांगू. मग ते सांगायचं राहिलंच. खरं सांगायचं तर त्या ठिपक्यांची मला सवय झाली होती. मी येणार म्हटलं की चुलत भावंडांकडे वेगळा स्वयंपाक व्हायचा. मला जिथे जायचं नसेल तिथे जावं लागत नसे. बदलीचं पत्र आलं तेव्हा मला जायचं नव्हतं. अंड्यामुळे नाही. मला भीती वाटत होती, नव्या गावाची, नव्या माणसांची, एकटीने खोली घेऊन राहण्याची. हे कोणाला सांगता येत नाही. अंडं सांगता येतं.

आणि मग तू केक आणलास. मी खाल्ला, छान झालाय म्हटलं, तो खरंच छान झाला होता. तू हसत म्हणालीस, यात दोन अंडी आहेत, ताई, तुला काहीही होत नाही, आता जा बदलीवर. सगळे माझ्याकडे बघत होते. तुझा नवरा, आई, तू. मला बाकीचं काही सुचलं नाही. मी गळ्याला हात लावला. एवढंच केलं. पुढचं सगळं तुम्ही केलंत.

आईने ताटली भिरकावली. "बहिणीला मारायला आलीस का? पुन्हा पाऊल टाकू नकोस या घरात," असं ती तुला म्हणाली, तेव्हा मी सोफ्यावर डोळे मिटून पडले होते आणि ऐकत होते. तू माझी चप्पल हातात घेऊन टॅक्सीपर्यंत धावत आलीस, तेही मला कळलं होतं.

दवाखान्यातून परत येताना आई टॅक्सीत माझा हात धरून बसली होती. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, घाबरली आहे. आता कळतं, तो कागद तेव्हा तिच्या पर्समध्ये होता. तिने वाचलेला होता.

"तिचं तिला ठाऊक आहे," हे ती शिवणबाईंना म्हणाली ते याच्यावरूनच. तिने तव्याचा ठिपका खरवडला आणि तो तवा रोज सकाळी माझ्यासमोर ठेवला. मी एकदा तो उलटा करावा, किंवा आपणहून काही बोलावं, अशी ती वाट बघत होती की काय, कोण जाणे. मी तवा कधी उलटा केलाच नाही, कारण घासायची तीच.

तुला तिने परत का बोलावलं नाही, हे मला सांगता येत नाही. तुला बोलावलं असतं तर मला खोटं पाडावं लागलं असतं. मी घरात होते, तू बाहेर होतीस. जी रोज समोर होती तिला तिने सांभाळलं. त्यात ती चुकली. पण तिची चूक माझ्या चुकीनंतरची आहे, हा क्रम तू विसरू नकोस. माझ्या पहिल्या पत्रात मी तुझ्यावर संशय घेतला, दुसऱ्यात आईवर. तिसऱ्यात, तू माफी मागितलीस त्यावर नंतर लिहीन म्हटलं. माफी मागायची तू नाहीस. कधीच नव्हतीस.

आता तू मे महिन्यात यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर मी का म्हणून विचारणार नाही. आलीस तर एवढंच कर, लेकीला सांग की मावशीकडे अंडं चालतं. आदल्या दिवशीही खा, सकाळीही खाऊन ये. हात जेवढे एरवी धुतेस तेवढेच धू. कारण विचारलं तर खरं कारण सांगितलंस तरी चालेल. नऊ वर्षांची मुलगी माझ्याबद्दल काय समजेल याची भीती वाटते, पण ती मी सोसेन.

आत्ता अकरा वाजत आले आहेत. खालचं मशीन अजून चालू आहे. बाईंनी हाक मारली होती, मी आज नको म्हटलं. पत्र इथे थांबवून ओट्यापाशी गेले. तवा तापवला, तेल घातलं, एक अंडं फोडलं. टरफलाचा तुकडा आत पडला, तो बोटाने काढला. कडा तपकिरी होईपर्यंत थांबले. मिरी घातली. उभ्यानेच खाल्लं, पावाच्या शेवटच्या तुकड्याने पिवळं पुसून. टरफलं आपल्याच डब्यात टाकली. तवा घासला, दांड्याखालून हात फिरवला, आणि उपडा करून जागेवर ठेवला.

ताई